वेप म्हणजे नुसती वाफ नव्हे : तरुणांचे दात, हिरड्या आणि आपली जबाबदारी

देवणीचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते देवणी जातीच्या गाय-बैलांमुळे. जनावरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी त्याचे तोंड उघडून पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे की चारदाती, हे पाहिल्याशिवाय भाव ठरत नाही. दातावरून जनावराचे वय कळते, तब्येत कळते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाचे तोंड मात्र कोणी उघडून पाहत नाही. तो स्वतःही आरशात पाहतो ते केस आणि दाढी. दात दुखून रात्र काढावी लागली की मगच दवाखाना आठवतो.

आपल्या भागात तोंड बिघडण्याचे जुने कारण सगळ्यांना माहीत आहे : तंबाखू-चुना, गुटखा, मावा, सुगंधी सुपारी, बायांमध्ये मिश्री. आता त्यात एक नवे कारण येऊन मिळाले आहे. त्याला मुले 'वेप' म्हणतात, कोणी 'पॉड' म्हणते, कोणी 'हुक्का पेन'. देवणीच्या प्रत्येक टपरीवर ते मिळत नसेल. पण देवणी, वलांडी, निलंगा, उदगीर या पट्ट्यातली मुले बारावीनंतर आणि हल्ली दहावीनंतरच लातूर, नांदेड, पुणे, हैदराबादला शिकायला जातात. शिकवणीची खोली, वसतिगृह, घरापासून दूर असल्याची मोकळीक आणि परीक्षेचा ताण. वेप हातात येतो तो तिथे. सुट्टीत मुलगा गावी येतो तेव्हा तो खिशात असतो आणि घरच्यांना तो पेन ड्राइव्ह वाटतो.

म्हणून हा विषय आपला आहे. तो मोठ्या शहरातल्या श्रीमंत मुलांपुरता राहिलेला नाही.

वेप नेमका चालतो कसा?

वेपमध्ये चार गोष्टी असतात : एक बॅटरी, एक बारीक तारेची गुंडाळी, द्रवाने भरलेली छोटी टाकी आणि तोंडात धरायची नळी. ओढले की बॅटरी तार तापवते, तापलेल्या तारेवर द्रव उडतो आणि तो तोंडातून फुप्फुसात जातो. बाहेर पडते ते धुरासारखे दिसते, पण त्याला जळका वास नसतो. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी, बबलगम असा गोड वास येतो. त्यामुळे 'ही नुसती वाफ आहे' असा समज पसरला.

ती पाण्याची वाफ नाही. त्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन रसायने असतात, त्यात चवीसाठी वेगवेगळी रसायने आणि बहुतेक वेळा निकोटीन. निकोटीन हे तंबाखूतले तेच द्रव्य, ज्यामुळे माणसाला सवय लागते. द्रव तापला की त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनेही तयार होऊ शकतात आणि तारेच्या धातूचे सूक्ष्म कण वाफेत मिसळू शकतात. 'निकोटीन नाही' असे लिहिलेल्या उत्पादनांतही तपासणीत निकोटीन सापडलेले आहे.

निकोटीन किती जाते, हे ओढणाऱ्याला कळतही नाही. अमेरिकेत गाजलेल्या जूल या कंपनीच्या एका छोट्या पॉडमध्ये साधारण एका सिगारेटच्या पाकिटाइतके निकोटीन असल्याचे ती कंपनीच सांगत असे. सिगारेट संपते, विझते. वेप विझत नाही. अभ्यास करताना, मोबाइल पाहताना, पांघरुणात पडल्या पडल्या दर पाच मिनिटांनी एक झुरका चालू राहतो. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटीनची सवय लवकर लागते, आणि लक्ष, स्मरण व मनाचा तोल यांवर तिचा परिणाम होतो. ताण घालवायला घेतलेली वस्तूच काही आठवड्यांत ताणाचे कारण बनते, कारण ती मिळाली नाही की चिडचिड सुरू होते.

तोंडात काय काय घडते?

पहिला परिणाम : तोंड कोरडे पडते. प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेते. लाळ ही आपल्या दातांची राखणदार आहे. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते, दातांच्या वरच्या थराला खनिजे परत देते. लाळ कमी झाली की कीड लावणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. सारखी तहान लागणे, ओठ फुटणे, तोंडाला वास येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे.

दुसरा परिणाम : दात किडतात. ग्लिसरीन चिकट आणि गोडसर असते. ते साखरेसारखे थेट आंबत नाही, पण त्याचा पातळ थर दातावर बसतो आणि त्यावर जिवाणू चिकटून राहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतील अभ्यासात गोड चवीच्या वेपच्या वाफेमुळे दातावर जिवाणू चिकटण्याचे प्रमाण सुमारे चौपट झाले आणि दाताच्या वरच्या थराचा कडकपणा २७ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने २०२२ मध्ये तिथल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. वेप ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्ण कीड लागण्याच्या 'जास्त धोका' या गटात होते. न ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. वेप ओढणाऱ्या रुग्णांची संख्या त्या नोंदींत थोडी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

तिसरा परिणाम : हिरड्या आतून सडतात आणि बाहेरून बऱ्या दिसतात. हे नीट समजून घ्यायला हवे. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीला रक्त कमी मिळते, जखम भरत नाही, जंतूंशी लढायची ताकद कमी होते. पण रक्तच कमी असल्यामुळे घासताना हिरडीतून रक्त येत नाही. हिरडी बिघडल्याची जी पहिली सूचना निसर्ग देतो, तीच दाबली जाते. मुलगा म्हणतो, 'माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत', आणि आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजत असते. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, वेप ओढणाऱ्या, वरवर निरोगी अशा तरुणांच्या हिरड्यांखालची जिवाणूंची वस्ती हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या रुग्णांसारखी झालेली होती. त्यांतल्या काहींचा वापर अवघ्या काही महिन्यांचा होता.

चौथा परिणाम : आग, फोड आणि जखमा. तोंडाची आतली त्वचा नाजूक असते. गरम रसायने दिवसभर लागत राहिली की टाळू लाल होणे, घसा खवखवणे, तोंड येणे हे प्रकार वाढतात. त्यात निकृष्ट बॅटरीचा धोका वेगळाच. २०१८ मध्ये अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात वेपचा स्फोट होऊन त्याचा जबडा मोडला आणि दात गेले. तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ती घटना नोंदवली गेली आहे.

वेपमुळे तोंडाचा कर्करोग होतो का? याचे ठाम उत्तर मिळायला वेळ लागेल, कारण ही वस्तू बाजारात येऊन जेमतेम वीस वर्षे होत आहेत आणि कर्करोग व्हायला अनेकदा तितकाच काळ लागतो. पण 'सिद्ध झाले नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. सिगारेटच्या बाबतीतही आधी दोन पिढ्या तेच ऐकत राहिल्या.

'गुटख्यापेक्षा बरा' हा हिशोब फसवा का?

आपल्या मुलांकडून एक युक्तिवाद हमखास येतो : 'मी गुटखा खात नाही, थुंकत नाही, फक्त वेप ओढतो. ते बरे नाही का?' याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे.

ब्रिटनसारख्या देशात वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडण्यासाठी वेपचा आधार घ्यायला सांगितले जाते आणि काहींना त्याचा उपयोगही होतो. पण तो सल्ला सिगारेट ओढणाऱ्या प्रौढासाठी आहे, ज्याने कधी काहीच ओढले नाही त्या मुलासाठी नाही. त्याच ब्रिटनने मुलांमधला वापर आणि कचरा पाहून एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली. शिवाय आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यांतले धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, आणि तोंडात धरायची किंवा चघळायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुळात धुराचा कमी आणि पुडीचा जास्त आहे. तिथे वेप पुडीची जागा घेत नाही, तो पुडीच्या शेजारी येऊन बसतो. सकाळी मित्रांबरोबर मावा, रात्री खोलीवर वेप. कोरडे तोंड, आकसलेल्या रक्तवाहिन्या, आणि त्यावर सुपारी-चुन्याचा मारा. दोन्हींचा भार एकाच तोंडावर पडतो.

पुडीचे परिणाम तर सिद्ध झालेले आहेत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, जाड आणि ताठ होत जाते. तिखट सोसत नाही, मग तोंड उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जायला हवीत. दोनच जात असतील तर आजार सुरू झाला असे समजा. हा ताठपणा पूर्ण उलटत नाही आणि त्याच जागी पुढे कर्करोग होण्याचा धोका राहतो. भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात, असा २०२२ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पुरुषांमध्ये तो पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे.

हा आजार सत्ता आणि पैसा पाहून थांबत नाही. राज्याचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. शरद पवार यांनी २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाशी झुंज दिली आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल आपल्याला पश्चात्ताप होतो, हे त्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले. त्यांना उत्तमातले उत्तम उपचार मिळू शकत होते. आपल्या वस्तीतल्या ऊसतोड मजुराच्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या पोराच्या वाट्याला निदानच उशिरा येते.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून ई-सिगारेटवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. वेपचे उत्पादन, आयात, विक्री, ऑनलाइन विक्री, वाहतूक आणि जाहिरात या सगळ्याला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे मित्रांना देण्यासाठी दहा नग मागवून ठेवणारा 'हुशार' मुलगा थेट कायद्याच्या कचाट्यात येतो. आपल्या मुलांना हे आधी सांगा, कारण एकदा गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तिची विक्री करता येत नाही. पण बंदी कागदावर असते तेव्हा काय होते, हे देवणीला सांगायला नको. तालुक्याला लागून कर्नाटकची हद्द आहे. सीमेपलीकडून येणारा गुटखा पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. शिवाय पान मसाल्याची एक आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या एकत्र केल्या की गुटखा तयार.

वेपच्या बाबतीत चोरट्या बाजाराचा धोका दुहेरी आहे. आत काय भरले आहे, निकोटीन किती आहे, बॅटरी कुठली आहे, हे तपासणारे कोणी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसाचा गंभीर आजार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. तिथे मुख्य दोष निघाला तो गांजाच्या अर्काच्या, बहुतांशी चोरट्या मार्गाने विकल्या गेलेल्या वेपमधल्या एका भेसळीचा.

भरतीच्या मैदानावर याची किंमत

आपल्या समाजातली शेकडो मुले-मुली पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करतात. पहाटे उठून रस्त्यावर धावतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दात मोजले जातात. किमान १४ दंत गुण लागतात आणि हिरड्या निरोगी असाव्या लागतात. किडून काढलेले आणि हलणारे दात तिथे मोजले जात नाहीत. धावताना दम टिकायला फुप्फुस लागते आणि वेप त्याच फुप्फुसात जातो. दोन वर्षांची मेहनत अशा वस्तूपायी वाया जाऊ देऊ नका.

पाचवे शील आणि आजची सवय

आपण विहारात पंचशील घेतो. पाचवे शील मद्यापासून आणि बेसावध करणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. कोणी म्हणेल, वेपने कुठे झिंग येते? पण त्या शीलातला महत्त्वाचा शब्द 'पमाद' हा आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, स्वतःवरचा ताबा सुटणे. दर पाच मिनिटांनी हात खिशाकडे जातो आणि तो का गेला हे आपल्याला कळतही नाही, हा ताबा सुटणेच आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यामागे घराचा पैसा, शरीर आणि बुद्धी वाचवण्याचा विचार होता. तोच विचार इथे लागू पडतो.

मात्र शील हे दुसऱ्याला मारायची काठी नाही. सवय लागलेल्या मुलाला चारचौघांत अपमानित केले तर तो सोडत नाही, लपवायला शिकतो. त्याला मैत्रीने, खासगीत बोला.

सोडायचे कसे?

एक दिवस ठरवा आणि एका विश्वासू माणसाला सांगा. वेप, चार्जर, पुडी सगळे काढून टाका. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात : डोके दुखते, चिडचिड होते, झोप मोडते. ही सवय सुटत असल्याची लक्षणे आहेत, आजार नाही. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ थांबा, सावकाश श्वास घ्या, पाणी प्या, जागा बदला. आनापानसतीचा सराव असणाऱ्यांना याचा उपयोग लगेच होईल.

सोडल्यावर काही दिवस हिरड्यांतून रक्त जास्त येऊ शकते. घाबरून पुन्हा सुरू करू नका. हिरडीला रक्त परत मिळू लागल्याने दबलेली सूज आता दिसते आहे. दंतवैद्याकडून दात साफ करून घ्या, सकाळी आणि झोपताना घासा, मिश्रीला हात लावू नका.

मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६. फोन मोफत आहे. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास मोबाइलवर मार्गदर्शनाचे संदेश येतात. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्या.

महिन्यातून एकदा आरसा

उजेडात उभे राहा, हात धुवा, तोंड पूर्ण उघडा. ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, हलणारा दात, तिखटाची आग, किंवा तीन बोटे न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढे लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय व शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, त्यामुळे पैशाच्या भीतीने घरी बसू नका. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

अमेरिकेत २०१९ मध्ये ५० लाखांहून अधिक शाळकरी मुले वेप ओढत होती. २०२४ मध्ये ती संख्या १६ लाखांच्या आसपास आली. म्हणजे लाट परतवता येते. आपल्याकडे ती अजून पूर्ण आलेलीच नाही, त्यामुळे आपले काम सोपे आहे, फक्त आत्ताच करायला हवे.

जयंतीच्या खर्चातून एक दिवस दंततपासणी शिबिरासाठी काढा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात वस्तीतल्या सगळ्या तरुणांची तोंडे तपासून होतील. वर्षावासातल्या प्रवचनमालेत एक दिवस दंतवैद्याला बोलवा. लातूर-नांदेडला शिकणाऱ्या गावातल्या मुलांचा गट असेल तर ही माहिती त्यात टाका, आणि मोठ्या भावांनी-ताईंनी नव्याने गेलेल्या मुलांशी पहिल्याच महिन्यात बोला. शाळेजवळची टपरी मुलांना पुडी विकत असेल तर मुख्याध्यापक आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. आणि जो कार्यकर्ता व्यासपीठावरून व्यसनमुक्तीवर बोलणार आहे, त्याने खाली उतरल्यावर पुडी फोडू नये. मुले भाषण विसरतात, पण हे विसरत नाहीत.

नमो बुद्धाय, जयभीम!